'सराव' न म्हणता आलेला फोन

आधीच सांगतो, भूतप्रेत, दैवी संकेत वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नाही. आम्ही बौद्ध. घरात संध्याकाळची वंदना सोडली तर दुसरं काही नाही. कुणी अंगात येण्याचा विषय काढला तर आजोबा भरल्या ताटावरून उठायचे. मी इथे हे लिहिलंय असं कळलं तर आई म्हणेल, "आता तूपण सुरू केलंस?" पण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मलाच वेड्यात काढलं... म्हणून शेवटी तुम्ही.

मी ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही आपत्तीचं सिम्युलेशन बनवतो – पाऊस किती, भरती कधी, पाणी कुठे तुंबेल, हे कॉम्प्युटर आधीच खेळून बघतो आणि पालिकेच्या साहेबांना सल्ला देतो: इथली माणसं हलवा, ते गेट उघडा. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी त्याची मोठी रंगीत तालीम होती. पूर खोटा, पण एक गोष्ट खरी – ओहोटी लागली की साठवण तलावाचं गेट उघडून पाणी खाडीत सोडून दाखवायचं. स्क्रीनवर सल्ला आणि कॅमेऱ्यात पाणी, दोन्ही साहेबांना एकदमच दिसलं पाहिजे, हा आमच्या मॅनेजर देसाई सरांचा हट्ट.

अशा तालमीचा एक नियम असतो. प्रत्येक निरोप "सराव, सराव" म्हणून सुरू करायचा. हा शब्द नसेल तर निरोप खरा समजायचा आणि सगळं जागच्या जागी थांबवायचं. खोटे निरोप देणारी आमची प्राची आतल्या खोलीत, मी हॉलमध्ये, मध्ये एक इंटरकॉम. तो फक्त या दोन खोल्यांपुरता, बाहेरची लाईनच नाही. आणि त्या खोलीचं दार हॉलमध्येच उघडतं.

सकाळपासून नुसता वैताग. प्रोजेक्टर रुसलेला, गेटवरच्या सायरनची चाचणी पुन्हा पुन्हा, साहेब येतायत-येतायत म्हणत दुपार झाली. आले एकदाचे. स्क्रीनवर सल्ला झळकला: गेट उघडा. कॅमेऱ्यात फक्त गेट दिसत होतं, त्याखालचा चिखल नाही. मी 'मान्य' दाबलं की गेटवरच्या म्हात्रेला निरोप जाणार. आणि तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

प्राची माझ्या शेजारी उभी होती! तिचे निरोप संपले होते, पाणी सुटताना बघायला बाहेर आली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी फोन उचलला.

म्हाताऱ्या बाईचा आवाज. "उघारी खोलू नको रं बाला. खाली बाय हाय, तिची पोर हाय."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, इथल्या जुन्या गावांतला शब्द. मी विचारलं, "कोण बोलतंय?"

"खाली बघ आदी." फोन बंद.

"सर, 'सराव' म्हटलं नाही. थांबायला लागेल," मी मागे उभ्या देसाई सरांना म्हटलं.

"प्राची विसरली असेल."

"सर, मी इथेच आहे," प्राची म्हणाली.

"मग कोणीतरी मस्करी करतंय! साहेब समोर बसलेत, दाब ते."

मला असा संताप आला... नियम यांनीच लिहिलेला! मी माउस सोडला आणि वायरलेस उचलला. "म्हात्रे, गेट उघडू नकोस. आधी खाली बघ."

नुसती खरखर. सर दातओठ खात माझ्याकडे बघत होते. मग म्हात्रेचा आवाज आला, धापा टाकत. "साहेब... बाय हाय खाली. पोर पन हाय संगती. चिंबोऱ्या धरतान. आयला, माझा हात बटनावर होता!"

संध्याकाळी मी गेटवर गेलो. ती बाई तिथल्याच झोपडीतली, मूळची परभणीकडची, खेकडे धरायला चिखलात उतरलेली. फोन तुम्ही केला का, म्हटलं. "न्हाई ओ दादा. मोबाईल रूमवर चार्जिंगला हाय." मग भोंगा ऐकू आला नाही का? तशी ती भडकलीच. "सकाळधरनं बोंबलतोय की त्यो! दर टायमाला लेकीला घिऊन वर पळाले, तर कायबी न्हाई. मग म्हनलं, वाजू दे." मुलगी पायावरचा सुकलेला चिखल नखांनी काढत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. तालमीच्या नादात खरा भोंगा आम्हीच खोटा करून टाकला होता.

म्हात्रेला त्या आवाजाचं सांगितलं. "आमची आजी सांगायची, उघारी खोलायच्या आदी बायका बांधावरशी हाक मारीत, खाली कोन हाय का म्हनून. आता भोंगा आला. हाक कोन मारतंय?"

प्राची बाहेर आल्यावर आतल्या खोलीत कुणी गेलं नव्हतं. इंटरकॉमची वायर तपासली. तिसरा फोन कुठेही जोडलेला नाही. गेटवर खाली बघायला एक माणूस ठेवा म्हणून मागे लागलो, तर उत्तर मिळालं की सिस्टीममध्ये तशी सोयच नाही. आणि अहवालात देसाई सरांनी लिहिलं काय? 'निरोप देताना प्राचीकडून सराव हा शब्द राहिला.' चोर सोडून संन्याशाला फाशी! मी भांडायला गेलो तर म्हणाले, "मग तू सांग कोण होतं." आजही सांगतो, मला खरंच माहीत नाही.

यंदाच्या तालमीत निरोप टाइप होऊन येणार आहेत, म्हणून परवा इंटरकॉम काढायला माणूस आला. मी त्याच्याशीही भांडलो. गेट तेच आहे, ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बायकाही त्याच आहेत. "दोन खोल्यांच्या फोनसाठी एवढं काय रे?" देसाई सर हसले. आता त्यांना काय सांगू? त्या म्हातारीला पुन्हा हाक मारायची झाली, तर ती मारणार कुठे?