करार वाचणारे गृहस्थ

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रकाशनाचे करार तपासून देणारे एक गृहस्थ आहेत. इंग्रजी मजकूर ते ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत वाचतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला त्याचं मनातून हसू यायचं. माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा कॉपीराइट करार मी सही करूनच त्यांच्याकडे नेला.

पट्टी एका ओळीवर थांबली. "वाचलंत?"

"हो," मी खोटंच म्हणाले.

"मग हा निबंध स्वतःच्या प्रबंधात घ्यायला जर्नलची परवानगी लागेल, हे चालतंय तुम्हाला?"

माझा अर्धा प्रबंध त्यावरच उभा होता. त्यांनी त्याच कराराचा कोरा फॉर्म काढून दिला, ती अट खोडायला लावली आणि समोर बसवून संपादकांना ईमेल लिहून घेतला.

दोन दिवसांत होकार आला. सांगायला गेले, तर म्हणाले, "देणारच. अहो, कोणी वाचत नाही म्हणून तर छापतात त्या अटी."