माझं हव
नव्या सुटकेसच्या रेग्झिनचा वास आला की मला गोल बाजारातली ती दुपार आठवते. राज्य नवं होतं, आमचं शहर नुकतंच राजधानी झालं होतं, शंकर नगरात बंगल्या-बंगल्यावर सरकारी पाट्या चढत होत्या, आणि आम्ही दोघी मैत्रिणी एका विदेशी विद्यापीठासाठी खेड्यांतल्या शाळांचा अभ्यास करत होतो. गुरुजींनी "समझे?" विचारलं की पोरं एका सुरात "हव" म्हणायची. हव म्हणजे हो. पण ते समजल्याचं हव नसतं, गुरुजींनी पुढे काही विचारू नये म्हणून असतं, हे मी महिनोन् महिने वर्गात मागं बसून ओळखलं होतं. त्या विद्यापीठातल्या मॅडमना माझं हे निरीक्षण फार आवडलं. पण पैसा त्यांचा, विमानाचं तिकीट एकच, म्हणून निवडही त्यांचीच. तिकडच्या परिषदेत हे मांडायला त्यांनी मैत्रिणीला बोलावलं, कारण तिची इंग्रजी फाडफाड. माझं नाव आभारात. सुटकेस घ्यायला मात्र तिला मीच सोबत पाहिजे होते. ती एकेक चेन ओढून पाहत होती आणि मी मनात म्हणत होते, विमानतळावरच तुटू दे. दुकानातून निघताना ती म्हणाली, "काहून गप्प आहेस गं? खुश आहेस ना माझ्यासाठी?" "हव," मी म्हटलं. तिचा चेहरा खुलला, तिनं माझा हात घट्ट दाबला. खोटं कशाला बोलू, तिच्या त्या विमानावर मी आजही जळते. पण ज्या शब्दावर ती तिकडे टाळ्या घेऊन आली, तो तिला कळलाच नव्हता, हे मला एकटीला ठाऊक आहे.