अण्णांचा स्टेथोस्कोप

समोरचा माणूस बोलू लागला की अण्णा डोळे मिटायचे. नवख्याला वाटे, डॉक्टरांना डुलकी लागली. पण ते त्याचा श्वास ऐकत असत. मध्येच हात वर करून "स्वल्प, जरा थांब" म्हणत, आणि तो थांबला की विचारत, दमा लहानपणापासून आहे का. समोर असूनही जरासा दुसरीकडेच असणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. अण्णा तसे होते.

मी बेळगावचा. नव्वदच्या दशकात बेंगळूरच्या एका हॉस्पिटलात स्टोअर सांभाळायचो. अण्णा तिथले सर्जन. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचंच, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून इतरांचे 'सर' माझे अण्णा झाले. मागच्या आवारात जकरंदाची जांभळी फुलं पडत, तेव्हा ते चपला हातात घेऊन त्यांवरून चालायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, कारण कशाला हवं?

ध्यास मात्र त्यांना एकच होता. छातीत सुरा नाहीतर सळई घुसलेली माणसं आमच्या दारात येईपर्यंत संपलेली असत. "मी इथं हात धुऊन बसतो, आणि माणूस वाटेतच जातो," ते म्हणायचे. तेव्हाची ॲम्ब्युलन्स म्हणजे एक व्हॅन, एक स्ट्रेचर आणि भरधाव ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरलाच शिकवायचं असं त्यांनी ठरवलं.

मागच्या शेडमध्ये वर्ग भरू लागला. घरातली लोणच्याची प्लास्टिकची बरणी त्यांनी उचलून आणली होती. तिचा तळ कापून तिथे रबर ताणलं, आत फुगा लावला. रबर खाली ओढलं की फुगा फुगायचा. बरणीला भोक पाडलं की तो बिचारा पडून राहायचा. छातीचं असंच होतं, अण्णा सांगत. भोकातून बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस आकसतं. म्हणून जखमेवर प्लास्टिक ठेवायचं, तीन बाजूंनी चिकटपट्टी लावायची आणि चौथी मोकळी सोडायची. आतली हवा निघते, बाहेरची शिरत नाही. घुसलेली वस्तू उपसायची नाही, कपड्याचा आधार देऊन आहे तशी आणायची. फुग्याला लिंबाच्या लोणच्याचा वास यायचा, आणि ऐन जेवणाच्या वेळी ड्रायव्हरांचं लक्ष उडायचं.

प्लास्टिकसाठी त्यांनी मला चिकपेटेच्या साडीबाजारात पिटाळलं. साड्यांवरची पारदर्शक कव्हरं हवीत, पण साडी नको, हे दुकानदाराला समजावताना माझी पंचाईत झाली. तो माझ्याकडे बायको सोडून गेलेल्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. मी कुरकुरत कव्हरं कापली, स्पिरिटने पुसली आणि प्रत्येक ड्रायव्हरला खाकी पिशवी भरून दिली.

त्यांच्यात रुद्रप्पा सगळ्यांत तयार. झुपकेदार मिशांचा, वेगाचा गर्व असलेला, पण पट्टी लावताना हात गवळणीसारखा अलगद. तो शिकला म्हणून बाकीचे शिकले.

मग एकदा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या रस्त्यावर स्कूटरवाल्याच्या छातीत ट्रकमधली सळई घुसली. रुद्रप्पा पोहोचला, गुडघ्यावर बसला, पिशवी उघडली. गर्दीला वाटलं, ड्रायव्हर असून हा गाडी पळवायची सोडून वेळ काढतोय. लोकांनी त्याला ओढून मारलं. कुणीतरी घाईने सळई उपसली, जखमीला रिक्षात घातलं. तो आमच्यापर्यंत जिवंत आला नाही.

सुजलेल्या तोंडाने रुद्रप्पाने पिशवी अण्णांच्या टेबलावर ठेवली. "मला गाडी चालवता येते, सर. तेवढंच करतो."

त्याने सोडलं की बाकीचेही सोडणार, आणि माणसं पुन्हा वाटेतच जाणार, हे मलासुद्धा कळत होतं. मी अण्णांकडे पाहिलं. ते उठले, आपल्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला आणि रुद्रप्पाच्या गळ्यात घातला.

"याचं काय करू, सर?"

"काही नको करू. नुसता घालून बस. लोक जागा देतील."

हॉस्पिटलात गहजब झाला. आज ड्रायव्हर, उद्या वॉर्डबॉय ऑपरेशन करेल, असं सुपरिंटेंडेंट म्हणाले. गर्दी हटवणारं दुसरं काही द्या, हे परत घेतो, असं अण्णांनी शांतपणे सांगितलं, आणि काही विपरीत घडलं तर माझी नोकरी घ्या, असंही. रुद्रप्पाला तर तो घालायची सुपरिंटेंडेंटांहून जास्त भीती. पिशवी त्याने परत नेली, पण स्टेथोस्कोप गाडीच्या कप्प्यात पडून राहिला. पुढे अण्णा निवृत्त झाले, आजारी पडले. आपला डाव फसला असं त्यांना वाटत असावं. विषय ते काढत नसत, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

एका संध्याकाळी शहरातल्याच बनशंकरीच्या स्टॉपवर बसमधून उतरलो, तर रस्त्यात गर्दी. फाटकावर चढलेला रंगारी घसरून खाली पडला होता, आणि पडताना फाटकाच्या लोखंडी टोकाने त्याच्या छातीला भोक पाडलं होतं. जवळच आमची व्हॅन, आणि रुद्रप्पा गुडघ्यावर बसून पट्टी लावतोय, गळ्यात स्टेथोस्कोप. एक म्हातारी फुलवाली लोकांना मागे सारत होती. "डॉक्टर बंद्रु, जाग बिड्री." डॉक्टर आलेत, जागा द्या. आणि लोक खरंच मागे सरत होते. रंगाऱ्याची छाती हलत होती. तो ऑपरेशन टेबलापर्यंत पोहोचला, आणि वाचला.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या घरी गेलो. ते आता अर्ध्या झोपेतच असत. मी सगळं सांगितलं, फक्त नाव राहिलं.

"तिथं डॉक्टर कोण होता रे?" त्यांनी विचारलं.

"रुद्रप्पा," मी म्हटलं.

"हां. मग सरी, ठीक झालं," ते म्हणाले. "चांगला डॉक्टर आहे तो."

ग्लानीत बोलले की शुद्धीत, मला कळलं नाही. मी नुसतं हो म्हटलं. त्याच आठवड्यात अण्णा गेले.

त्यांचं ते वाक्य मी रुद्रप्पाला सांगितलं तेव्हा तो व्हॅन पुसत होता. तो दार उघडून आत बसला, आणि बराच वेळ त्याने गाडी सुरू केली नाही.