बदामाखालचं गाऱ्हाणं

आमच्या चारकोपच्या सोसायटीत देवाशी मोठ्या आवाजात बोलणारा माणूस एकच, लवू परब. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी इंडस्ट्रियल इस्टेटीत पंचवीस वर्षं रंगकाम केलं. पण खरा हुद्दा मालवणातल्या गावदेवळातला. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं साकडं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. मी श्यामकांत, निवृत्त बँकवाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी. माझी भक्ती संकष्टीपुरती, तीही साबुदाण्याच्या खिचडीसाठी.

लवूभाऊ देवाच्या आंघोळीचं पाणी तुळशीला घालत आणि उरलेलं खाली आणून आवारातल्या बदामाला.

"अहो, बदाम काय तुळस आहे?" मी चिडवायचो.

"तान दोगांकाय लागता, सेक्रेटरीनू."

तोच बदाम माझ्या पार्किंगच्या आड आला. सभेत ठराव झाला, झाड तोडायची परवानगीही मिळाली. वड-पिंपळ असता तर कुणी हात लावला नसता, पण बदामात कुठला देव? लवूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

माझी बायको मृणालिनी फितूर झाली. तिने त्यांना सुचवलं, "बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड ठेवा. कुणाची टाप आहे मग तोडायची?"

लवूभाऊ तिच्यावरच उखडले. "देवाक वॉचमन करूचो नाय, वहिनी. खोटां करून वाचवलेलां झाड माका नको."

त्यांनी मला एवढंच मागितलं, की तोडण्याआधी गाऱ्हाणं घालू द्या. झाडावर राहणाऱ्यांना सांगितल्याशिवाय घाव घालायचा नाही, ही त्यांच्या गावची रीत. मी म्हटलं, घाला, पण लवकर आटपा.

रविवारी सकाळी झाडतोडे करवत घेऊन आले. लवूभाऊंनी नारळ ठेवला, सगळ्यांना हात जोडायला लावले, दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला सांगितलं आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! ह्या झाडावरच्या कावळ्यांका दुसरां घर मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. पोरं तर खूश होती.

"वाघळांका सेक्रेटरीच्या खिडकीत जागा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात मृणालिनीचा आवाज सगळ्यांत मोठा. लोक हसले. लवूभाऊ मात्र हसले नाहीत. ते खरोखरच प्रत्येकाची सोय लावत होते. पोपट झाले, मुंग्या झाल्या, दुपारी सावलीला टेकणारी भाजीवालीसुद्धा झाली. हळूहळू हसणं थांबलं. या झाडावर एवढा संसार आहे, हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली.

मग त्यांचा आवाज फाटला. "आता ह्यां झाड तोडूक आमका परवानगी दी रे म्हाराजा!"

जोडलेले हात तसेच ठेवून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सेक्रेटरी, ठराव माझा, म्हणून तोंड उघडलं. 'व्हय' काही निघेना.

लवूभाऊ घाबरून माझ्याकडे वळले. "व्हय म्हणा हो. गाऱ्हाणां अर्ध्यार रवलां तर देव रागवात."

"झाड नाही तोडायचं," मी म्हणालो. झाडतोड्यांना हात करून परत जायला सांगितलं. "लवूभाऊ, शेवट बदला, आणि पुरं करा."

त्यांनी डोळे पुसले, परत हात जोडले. "ह्यां झाड हयच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खी बिल्डिंग अशी ओरडली, की बदामावरचे सगळे कावळे एकदम उडाले.