एल्डन क्रूपाचं खेळवा-बसवा

एल्डन क्रूपाला आमच्या लोरेन गावात सगळे ओळखतात, आणि त्याचं कारण एवढंच की आयुष्यात काहीही न खेळता तो खेळाबद्दल बोलतो. धड पाच पावलं धावला तर धाप लागते मेल्याला. मी त्याला शाळेपासून बघतेय. तेव्हाही हा कुंपणाला टेकून उभा राहायचा आणि धावून दमलेल्या पोरांना सांगायचा, तू डावीकडून जायला हवं होतंस. पुढे त्यानं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गाद्या विकल्या. उभं आयुष्य लोकांना आडवं कसं व्हायचं ते सांगितलं, आणि निवृत्त झाल्यावर अक्कल विकायला घेतली.

माझा बार नदीकाठी आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. हातात चेंडू घेऊन धावायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की दर गुरुवारी संध्याकाळी बारा जण माझ्याकडे जमतात, आणि त्यांचा एक खेळ चालतो. खेळ म्हणायला जीभ रेटत नाही, पण म्हणते. प्रत्येकानं फोनवर आपला एक खोटा संघ बांधायचा आणि त्यात खऱ्या संघांतले खरे खेळाडू भरायचे. एकानं घेतलेला गडी दुसऱ्याला मिळत नाही. मग दर आठवड्याला, सामने सुरू व्हायच्या आत, आपल्या गड्यांपैकी कोणाला खेळवायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं ते ठरवायचं. तो पोरगा खऱ्या मैदानात काखेत चेंडू घेऊन जेवढा धावेल, तेवढे गुण इकडे खुर्चीत बसलेल्या ढेरपोट्याला. बरगड्या त्याच्या मोडायच्या आणि कॉलर ताठ व्हायची यांची.

या बारा शहाण्यांचा गुरू म्हणजे एल्डन. गुरुवारी बिअरचा पहिला ग्लास संपला की तो बिलियर्डच्या टेबलाजवळ उभा राहतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि सुरू होतो. "मंडळी, या आठवड्यात मार्लोला खेळवा. पण समोरचा बचाव घट्ट आहे, तेव्हा जपून. नाही खेळवलंत तरी बिघडत नाही, मात्र नंतर माझ्याकडे रडत येऊ नका." आता याचा अर्थ काय लावायचा, तुम्हीच सांगा. मार्लो चालला तरी सोमवारी हा म्हणायला मोकळा, मी बोललो होतो. नाही चालला तरी मोकळा, मी बोललो होतो. आणि बाकीचे अकरा जण माना डोलावतात, जशी काही डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली. शनिवारी सकाळी गावच्या रेडिओवरही तो हेच दळण दळतो, बाजारभाव आणि चर्चच्या जेवणावळीच्या घोषणा यांच्यामध्ये. इतकं करून स्वतः एकदाही जिंकलेला नाही.

त्याचं न जिंकणं मला सलत नाही. सलतं ते त्याचं माणसांबद्दलचं बोलणं. "याचा घोटा गेलाय, टाकून द्या." "याचा बाप वारलाय, डोकं ठिकाणावर नसेल, एक आठवडा बसवा." एका गड्याची बायको बाळंत झाली तर हा तोंड वाकडं करून म्हणाला, "ऐन हंगामात बघा कसं केलंन." मी ग्लास पुसत होते. म्हटलं, "एल्डन, तुला विचारून करायला हवं होतं त्यांनी." बाकीचे हसले आणि तोही हसला, कारण टोमणा त्याला कधी लागतच नाही.

आणि असा माणूस रोझलिन टकरला आवडावा. काय बोलायचं. रोझलिन शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा एकुलता एक मुलगा जरेल इथल्याच शाळेच्या मैदानावर वाढला आणि आता दूरच्या राज्यातल्या मोठ्या संघात चेंडू घेऊन धावतो. त्याचा सामना असला की गावातल्या निम्म्या घरांत टीव्ही मोठ्यानं लागतो. रोझलिनची पाठ धरली तेव्हा एल्डननं स्वतः बोटानं दाबून दाबून एक गादी निवडली आणि तिच्या जिन्यावरून वर चढवून दिली. थंडीत तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकायला सकाळी सकाळी जायचा. हे मी नाकारत नाही. तिला वाटलं असेल, गडी बडबड्या आहे, पण मायेचा आहे.

ऑक्टोबरात त्यानं तिला लग्नाचं विचारलं. ती मला म्हणाली, "लू, मी त्याला थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलंय. माझ्या माणसांत बसू दे, मला बघू दे. जेवण झालं की सांगेन म्हटलं." जरेलचा तर होकारच होता. फोनवर तिला म्हणायचा, "आई, तू त्या घरात एकटी असतेस ना, ते मला मैदानातही टोचतं." तेव्हा सगळं एका जेवणावर येऊन थांबलं होतं, आणि एल्डनला ते चांगलं माहीत होतं. नवा शर्ट घेतला होता त्यानं. मला दोनदा दाखवला.

थँक्सगिव्हिंग, म्हणजे आमचा नोव्हेंबरातला घरच्यांनी एकत्र जेवायचा सण, गुरुवारीच येतो, आणि त्या दुपारी नेमका जरेलचा सामना. म्हणून एल्डनचं प्रवचन आदल्या दिवशी, बुधवारीच झालं. रोझलिनचा भाऊ कर्टिस त्या बारा जणांतलाच. त्याच्या संघात अर्थातच त्याचा भाचा. त्यानं विचारलं, "आणि आमच्या जरेलचं काय?"

"बसव," एल्डन म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा या माणसाच्या तोंडून सरळ वाक्य आलं होतं, आणि आलं ते असं. मी म्हटलं, "एल्डन, उद्या तिच्याच ताटावर बसायचंय तुला." त्यानं चष्मा पुसला. "लू, सल्ला तो सल्ला. त्यात नाती आणायची नसतात." न्यायाधीशच की नाही मोठा. कर्टिसनं काही त्याचं ऐकलं नाही, आणि रात्रीच्या आत ते बहिणीच्या कानावरही घातलं.

दुसऱ्या दिवशी मी भोपळ्याचं सारण भरलेली गोड पाई घेऊन रोझलिनकडे गेले. टर्की, मक्याचा ब्रेड, रताळी, मॅकरोनी, पालेभाजी, टेबलावर कोपर टेकायला जागा नव्हती. एल्डन नव्या शर्टात ताठ बसला होता. रोझलिननं त्याच्यापुढे बटाट्यांचं भांडं धरलं आणि म्हणाली, "माझ्या पोराला बसवायला सांगितलंस म्हणे."

"गुणांपुरतं गं, रोझलिन. माणूस म्हणून मला जरेलबद्दल किती—"

"माणूस म्हणून बटाटे घे आधी."

सगळे हसले. ती रागावली नव्हती, हे तुम्हाला कळायला हवं. तिचं मन मोठं आहे, मला परवडणार नाही एवढं मोठं. मग तिनं ब्रेडची टोपली रिकामी केली आणि टेबलाभोवती फिरवली. "फोन टाका यात. आज या घरात फक्त माझ्या मुलाचा सामना. तुमचा बाजार नको." आम्ही टाकले. तिनं स्वतःचाही टाकला. एल्डननं टाकताना एकदा फोनच्या पडद्याकडे बघून घेतलं, पण टाकला. टोपली आत फ्रिजवर गेली.

सामना सुरू झाला आणि जरेल काय धावला. दोघांच्या मधून, तिघांच्या मधून, पहिल्या अर्ध्यातच त्यानं चेंडू एकदा शेवटच्या रेषेपार नेला. कर्टिस टेबलावर हात आपटत म्हणत होता, "बसवा म्हणे याला, बसवा." एल्डनही टाळ्या वाजवत होता. कानकोंडा झाला होता, पण वाजवत होता. रोझलिन हसत हसत त्याच्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. मी खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटलं की जाऊ दे, होऊ दे बाईचं भलं.

दुसऱ्या अर्ध्यात जरेलनं चेंडू घेतला, एकानं त्याला वरून धरलं आणि दुसरा त्याच्या गुडघ्यावर येऊन पडला. सगळे उठले. जरेल उठला नाही. टीव्हीवाले तोच गुडघा पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. रोझलिन हातात रुमाल घेऊन उभी. कर्टिसनं टीव्हीचा आवाज बंद केला. मैदानात गाडी आली आणि त्याला तिच्यावर चढवायला लागले.

एल्डन उठला. "मी पाणी आणतो तिला," असं हळूच म्हणाला आणि आत गेला. मला बरं वाटलं. पोरगा गाडीवरून आत नेला तरी हा परत आला नाही, तेव्हा म्हटलं बर्फ शोधत असेल. आला तो खरंच बर्फ घातलेलं पाणी घेऊन. ग्लास तिच्या हातात दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काही होत नाही, रोझलिन. तगडा आहे तो." आवाज असा मऊ की लोण्यानं लाजावं.

तेवढ्यात आत एक फोन वाजला.

रोझलिन धावली. पाणी तिच्या अंगावर सांडलं, ग्लास खाली गेला. जरेलच असणार, दुसरं काय असणार आईच्या मनात. मी मागोमाग गेले. तिनं फ्रिजवरून टोपली ओढली आणि उजळलेला फोन उचलला. तो कर्टिसचा होता. त्यावर त्या बारा जणांच्या खेळाचा निरोप होता. एल्डन क्रूपाने मॅक्लिनला आपल्या संघात घेतले.

मला ते वाचताच कळलं, कारण माझ्या बारमध्ये मी हे शंभरदा पाहिलंय. एखादा गडी पडला की त्याच्या जागी जो दुसरा येतो, पुढचे आठवडे चेंडू त्याला मिळणार. म्हणून हे बाराही त्याच्यावर तुटून पडतात. आधी दाबेल त्याचा तो गडी. तिकडे पोरगा गवतावर कण्हतोय आणि इकडे एकही मान वर नाही, सगळ्यांचे अंगठे फोनवर. आणि वर त्या दिवशी मॅक्लिननं आभाळाला हात लावला असता तरी एल्डनला एक गुण मिळणार नव्हता. चालू सामन्यातले गुण मोजत नाहीत. पुढच्या आठवड्याची सोय होती ती, आणि ती करायला यानं पाण्याच्या निमित्तानं आत जाऊन टोपलीतला फोन काढला होता. तिनं पाण्याचा एक घोट घेईपर्यंत दम निघाला नाही मेल्याला.

रोझलिन फोन घेऊन बाहेर आली. तिनं सरळ विचारलं, "एल्डन, हा मॅक्लिन कोण?"

तिच्या हातात कोणाचा फोन आहे ते त्यानं बघायला हवं होतं. पण खेळाडूबद्दल प्रश्न आला आणि हा खुलला. सवय कुठे जाते. "मॅक्लिन? जरेलच्या मागचा पोरगा. चपळ आहे. आता सहा-सात आठवडे तरी तोच धावणार, तेव्हा त्याला डोळे मिटून—"

तिथे तो थांबला.

"सहा-सात आठवडे," रोझलिन म्हणाली. "डॉक्टरनं अजून हात नाही लावला रे त्याला."

कर्टिसनं तिच्या हातून आपला फोन घेतला, वाचला आणि उलटा ठेवला. "अरे, एल्डन," एवढंच म्हणाला. मी बोलणार होते. भरपूर होतं माझ्याकडे. पण रोझलिन आतून आपला फोन आणून मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर आवाज चढवायची ती वेळ नव्हती. एल्डन मात्र बोलत होता. नुसतं बटण होतं म्हणाला. हात आपोआप गेला म्हणाला. आणि मग त्याचं खरं तोंड उघडलं. "रोझलिन, हे बघ, मी नसता घेतला तर दुसऱ्या कोणीतरी घेतलाच असता."

हे त्यानं तिला समजुतीनं सांगितलं. अजूनही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

रोझलिन उठली, दाराजवळच्या खुंटीवरून त्याचा कोट काढला आणि त्याच्यासमोर धरला. चिडून नाही, पाहुण्याला देतात तसा. त्यानं एक हात बाहीत घातला, आणि तिचा फोन वाजला. तिच्या हातात अजून कोट होता, म्हणून कर्टिसनं फोन उचलून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. अख्ख्या खोलीला ऐकू येत होतं.

"आई, घाबरू नकोस. गुडघाच आहे. फोटो काढतायत." जरेलचा आवाज लहान मुलासारखा येत होता. "तू एकटी नाहीस ना? एल्डन आहे ना तिथे?"

एल्डन दारात होता. तिच्यापासून हातभर. तिनं त्याच्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं.

"लू आहे, मामा आहे," ती म्हणाली. "एल्डन नाही आला, बाळा."

"का गं? येणार होता ना?"

"नाही आला."

एल्डनला कोटाची दुसरी बाही सापडेना. ती शोधत शोधतच तो बाहेर गेला, आणि दार मीच लावून घेतलं. रोझलिन फोनवर वाकून मुलाला विचारत होती, फार दुखतंय का म्हणून.