उजव्या हाताची तीन बोटं

भूत, करणी, बाहेरचं वगैरे वाचून मी आजवर फक्त हसत आलेय. लिफ्ट मागणारी बाई, वळणावरचं झाड, बंद खोलीतली पावलं... अरे, काय लहान पोरं आहात का! एमएस्सी केमिस्ट्री केलेली बाई आहे मी. त्यात माझा स्वभाव खवट. ऑफिसात कुणी उपासाचं, ग्रहांचं सांगायला लागलं की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. आता तीच मी हे लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, माझी हरकत नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात राहतो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ नितीन. बाबा गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, नितीनचं जमत नव्हतं. माझं ऑफिस अंधेरीला मरोळमध्ये. काम पेटंटचं. एखादी कंपनी म्हणते, आम्ही नवीन प्रक्रिया शोधली. मग जगात आधी कुणी तेच लिहून ठेवलंय का, हे मी हुडकून काढायचं. माझ्याकडे सगळी केमिस्ट्रीची कामं. दिवसभर तेच वाचायचं आणि शंका काढायच्या. शंका काढायचाच पगार मिळतो म्हणा ना.

नितीन तिथेच एमआयडीसीत, माझ्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा एका कंपनीच्या पायलट प्लांटवर केमिस्ट होता. कंपनीचं नाव सांगणार नाही. काम हायड्रोजन पेरॉक्साइडचं. एक तपकिरी द्रावण पाइपांतून सारखं गोल फिरत असतं. ते आधी हायड्रोजन घेतं, मग हवा घेतं, पेरॉक्साइड तयार करून सोडतं आणि परत पहिल्यासारखं होऊन पुढच्या फेरीला निघतं. नितीन म्हणायचा, "ताई, आपल्यासारखंच आहे गं ते. मुलुंड-अंधेरी, अंधेरी-मुलुंड."

तिथे काम करणाऱ्यांची एक खूण असते. जरा जोरातलं पेरॉक्साइड बोटाला लागलं की कातडी खडूसारखी पांढरीफटक पडते, झोंबते, आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होते. नितीन ग्लोव्ह्ज घालायचा, पण नमुन्याच्या बाटलीवर मार्करने लिहायचं असलं की उजव्या हाताचा काढायचा आणि मग तशाच उघड्या हाताने झाकण पिळायचा. त्यामुळे त्याचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधल्या बोटाची आतली कड, एवढंच नेहमी पांढरं. कितीदा ओरडले मी. ऐकेल तर शपथ! लवकर निघालेल्या दिवशी मुद्दाम घरी येऊन ती बोटं नाचवून दाखवायचा, "आई, बघ, गोरा झालो."

आई तिच्या मालवणीत म्हणायची, "मगे सगळोच बुडान ये, लगीन तरी जमात!"

मेच्या सुरुवातीला, भर दुपारी, प्लांटमध्ये सॉल्व्हंटच्या वाफा पेटल्या. नितीन सगळ्यात जवळ होता. बाकीचे किरकोळ भाजले, तो छातीपासून मानेपर्यंत आणि दोन्ही हात. त्याच्याबरोबर काम करणारा जिग्नेश मला हॉस्पिटलच्या दारात भेटला. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. तो एकच गोष्ट परत परत सांगत होता. "ताई, कोट पेटतच राहिला. आमचे सगळ्यांचे कोट काळे पडले आणि विझले. त्याचा पेटतच राहिला. पेटायला नको होता, ताई."

ते कोट आगरोधक कापडाचे असतात. ज्वाला लागली तर कापड कोळपतं, पण धरून पेटत नाही. मी ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हा डोक्यात एकच होतं, नितीन जगतो की नाही. डॉक्टर म्हणाले, व्हेंटिलेटरवर आहे, झोपवून ठेवलंय, इन्फेक्शन झालं नाही तर बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी चहा टाकला होता. आईला हॉस्पिटलमध्ये घेऊन जायचं होतं. आलं किसायला घेतलं आणि उजव्या हाताची बोटं झोंबायला लागली. आधी वाटलं, आलं लागलं. बघते तर अंगठा, शेजारचं बोट आणि मधल्याची आतली कड... पांढरीफटक.

आता एक सांगायचं राहिलं. मी डावरी आहे. किसणी उजव्या हातात होती, आलं डाव्यात.

मी हात नळाखाली धरला. आईला काही बोलले नाही. हॉस्पिटलला पोचेपर्यंत बोटं नेहमीसारखी झाली होती. पण दुसऱ्या दिवशी तेच, चहा उकळताना. तिसऱ्या दिवशी तेच. आमच्या फॅमिली डॉक्टरने बघितलं आणि म्हणाला, टेन्शनमुळे रक्त कमी पोचतं, होतं असं. म्हटलं, मेच्या उकाड्यात? नेमकं रोज तिथेच? तर मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. धन्य!

शेवटी जिग्नेशला घरी बोलावलं. सकाळीच ये म्हटलं. त्याने माझा हात बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. "ताई, हे आमचं आहे," म्हणाला. त्यांच्याकडे पेरॉक्साइड तपासायच्या कागदी पट्ट्या असतात. पेरॉक्साइड असेल तर पट्टीचं टोक निळं होतं, नसेल तर पांढरंच राहतं. मी साबणाने हात धुतले, त्याच्यासमोर. कोरडे केले. त्याने माझ्या अंगठ्यावर ओली पट्टी टेकवली.

निळी झाली. गडद निळी.

डाव्या हाताला लावली. काही नाही. आईच्या हाताला लावली. काही नाही. जिग्नेशने पट्ट्यांची डबी टेबलावर ठेवली आणि चहा न घेताच गेला.

मी मात्र हार मानणारी नव्हते. पेरॉक्साइड आहे ना? मग ते कुठून तरी येत असणार. हवेतून थोडंच पडतंय! मी सगळं घर पालथं घातलं. भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, फिनाइल, माझा हेअर डाय, सगळ्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. आणि बाथरूमच्या फळीवर, बादल्यांच्या मागे, डाग काढायच्या पावडरचा एक डबा सापडला. पाण्यात पडली की पेरॉक्साइड सोडणारी. सापडलं! मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू. तो डबा घेऊन मी आईकडे गेले.

"आई, ही पावडर माझ्या कपड्यांना लावतेस का?"

"तुझ्या नाय गो," आई म्हणाली. "ती नितीनच्या कोटाक. बाह्यांर केवढे डाग पडलेले, शी! कंपनीतले धुतत काय, नुसते पाण्यातून काढतत. मीच म्हटलंय, घराक आण. रात्रभर भिजत घालून पांढरोशुभ्र केलंय त्याका. दर आठवड्याक."

मी डबा फिरवून त्याच्यामागचं बारीक अक्षर परत वाचलं.

अपघाताच्या आधी महिनाभर माझ्या टेबलावर आगरोधक कापडाचं काम होतं. ढीगभर जुनी पेटंटं वाचून झाली होती. कुठलंही घ्या, धुलाईवर एक परिच्छेद असतोच. एवढ्या धुलाया झाल्या तरी हा लेप टिकतो, मात्र पेरॉक्साइड असलेलं ब्लीच वापरू नये, त्याने लेप निकामी होतो. हे मी सकाळ-संध्याकाळ वाचत होते. आणि कोट इथे घरात, दोरीवर, आईने झटकून वाळत घातलेला, मी पाहिलाही नव्हता कधी. मी निघायच्या आधीच तो घडी होऊन नितीनच्या पिशवीत गेलेला असायचा.

कोट धड असता तर नितीन कमी भाजला असता का? बहुतेक हो. पण आईला काय सांगायचं? सत्तरीच्या बाईला सांगायचं, की तुझ्या हातच्या धुण्याने?  दुपारी आई पडली तशी तो डबा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सोसायटीच्या कचऱ्यात टाकून आले. हात घासून घासून धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं पांढरी. पट्टी निळी.

त्या दिवशी आईने बघितलं. मी लपवायच्या आत तिने माझा हात धरला आणि तिन्ही बोटांवरून अंगठा फिरवला. रडली नाही. उलट हसली. अपघातानंतर पहिल्यांदा हसली. "तुझ्या हातार हात ठेवता तो," म्हणाली. "कामार गेलो हा. म्हंजे आसा तो अजून."

मला चिडायला हवं होतं. नाही चिडले. खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं.

मग तो आमचा नेमच झाला. आई आंघोळ करून स्वयंपाकघरात यायची आणि म्हणायची, "बोटां दाखव बघूया." मी दाखवायची. ती बघायची आणि मगच पोळीचा तुकडा मोडायची. मग आम्ही हॉस्पिटलला जायचो, काचेतून नितीनकडे बघायचो. त्याचे हात बँडेजमध्ये, कोपरापर्यंत. तिथे आई त्याला सांगायची, "तुझी खूण मिळाली रे बाबा, मिळाली."

पट्टी मी रोज लावत होते. आईला न दाखवता. गडद निळी होती ती एके दिवशी नुसती निळी झाली. मग आकाशी. मग इतकी फिकट, की खिडकीशी नेऊन बघावी लागायची. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणत होते, आज बीपी बरं आहे, आज ताप कमी आहे. आमचे नातेवाईक फोनवर म्हणत होते, झकास, होईल हो बरा. आणि मी आतल्या आत नुसती तुटत होते. पेरॉक्साइडचं कसं असतं, नुसतं ठेवलं तरी हळूहळू मोडतं. पाणी आणि ऑक्सिजन. बाकी काही उरत नाही. त्याला थांबवायचं म्हटलं तरी फक्त उशीर करता येतो.

एका सकाळी चहा उकळला, गाळून झाला, निवला. बोटं नेहमीच्या रंगाची. पट्टी लावली, पांढरी. दुसरी लावली, पांढरी. आई आंघोळीला गेली होती. मी ओट्याला धरून उभी होते तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन वाजला. उचलायच्या आधीच मला माहीत होतं. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं.

दिवस-कार्य झालं. पाहुणे गेले. आई जेवायची थांबली. दोन घास, ते पण मी समोर बसले तर. मग एका सकाळी आंघोळ करून आली, ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "बोटां दाखव बघूया."

मी म्हटलं, "आई, अगं..."

"दाखव गो."

मी म्हटलं, आज नाहीत आलेली. उद्या बघू. काय बोलले मी, मलाच कळलं नाही. ती गप आत जाऊन पडली. दिवसभर पाण्यालासुद्धा शिवली नाही.

संध्याकाळी मी जिग्नेशला गाठलं. तो आधी नाहीच म्हणाला. "ताई, वेड लागलंय का? स्ट्राँग असतं ते. इतक्या वेळा लावलं तर कातडी जाईल." मी भांडले त्याच्याशी, भर रस्त्यात, मरोळ नाक्यावर. शेवटी दिली त्याने एक छोटी बाटली.

तेव्हापासून रोज. बाथरूमचं दार लावते, वाटीत थोडं ओतते, अंगठा, शेजारचं बोट आणि मधल्याची आतली कड. बरोबर तेवढंच. झोंबतं. मग बाहेर येते आणि चहा टाकते. आई बघते, हातात घेते, आणि पोळीचा तुकडा मोडते. जेवते हल्ली नीट.

आधीच्या त्या दिवसांत माझ्या बोटांवर पेरॉक्साइड कुठून आलं, हे मला आजही माहीत नाही. पोटापाण्याचं कामच शोधायचं आहे, म्हणून जेवढं येतं तेवढं शोधलं. कातडीचे रोग, मेंदूचे खेळ, घामातून काय काय बाहेर येतं, सगळं वाचलं. माझ्यासारखं कुणीही, कुठेही लिहून ठेवलेलं नाही. आमच्या ऑफिसात अशा वेळी शेरा मारतात, आधीचा दाखला आढळला नाही. तोच मारते आणि पुढचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते पुढच्यासाठी.

गेल्या आठवड्यात बोटं जरा जास्तच पांढरी झाली होती. नखांच्या कडेला कातडी सुटायला लागलीय. आईने हात धरला, नेहमीसारखा. बघत राहिली. मग माझी बोटं तोंडाजवळ नेली आणि लहानपणी खरचटल्यावर घालायची तशी हळूच फुंकर घातली.

"आज जास्त वेळ बुडवलंस," म्हणाली. "झोंबता ना गो?"

 चहा उतू चालला होता, तिनेच गॅस बंद केला.

"कोटाच्या पावडरचो डबो पण तूच टाकलंस ना?"

"कुठला डबा?" मी म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं.  मग पोळीचा तुकडा मोडला, चहात बुडवला, आणि तो तसाच कपात विरघळून जाईपर्यंत धरून बसली.

परत काही विचारलं नाही तिने. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आली आणि म्हणाली, "बोटां दाखव बघूया." मी दाखवली.