बँड सोडलेल्या गिटारवाल्याची गाणी

अक्कलकोट रोडवर माझी स्कूटी पंक्चर झाली, तेव्हा तिथला पन्नाशीचा पंक्चरवाला मोबाइलवर एक इंग्रजी गाणं ऐकत होता. गाणं संपेपर्यंत त्यानं हवेचं मशीन सुरूच केलं नाही.

"कुणाचं हो हे?" मी विचारलं.

"एका रॉक बँडमधला गिटारवाला. बँड सोडून एकट्यानं हा अल्बम काढला. कुणी ऐकला न्हाय, पण मला लई आवडतो."

"इंग्रजी समजतं तुम्हाला?"

"न्हाय की. पण कायम मागं उभा राहिलेला माणूस पयल्यांदाच पुढं येऊन गातोय, आवाज जरा कापतोय, ते कळतं."

पंक्चर काढून झालं. कामाला उशीर होत होता, तरी मी म्हणाले, "अजून एक लावा ना."

त्यानं हात पुसले, स्टूल पुढं सरकवलं.

"मग पयल्यापासूनच लावतो की."